रिकामटेकडी वायर

आमच्या कचेरीत जिन्याखाली एक काळं लोखंडी कपाट आहे. त्याला काचेचं दार आहे, दाराला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली, हरवू नये म्हणून, त्याच कपाटाच्या डोक्यावर ठेवलेली असते. आत नेटवर्कचा स्विच. चोवीस भोकं, भोकाभोकांत निळ्या वायरी आणि प्रत्येक भोकावर एक बारकासा दिवा. पाण्याचा कूलर शेजारीच असल्यामुळे येणारा-जाणारा त्या कपाटाकडे पाहतोच, आणि पाहिलं की त्याला एकच गोष्ट खटकते. सगळे दिवे हिरवे, लुकलुकणारे, कामात गर्क. उजव्या कोपऱ्यातला एकच दिवा नारिंगी आणि ढिम्म.

हा दिवा गेली कित्येक वर्षं आमच्या डोळ्यांत सलतो आहे. रोखपालबाई म्हणतात, 'एवढाले पैसे घेतात आणि एक दिवा धड लावता येत नाही.' हेडक्लार्कांनी त्यावर टिपणी लिहून ती फाइलला लावली. लेखापरीक्षणाला आलेल्या एका गृहस्थांनी तर शेराच मारला : 'एक पोर्ट दीर्घकाळ अनुत्पादक स्थितीत आढळून आला. वापरात आणण्याबाबत कार्यवाही व्हावी.' शेऱ्याला उत्तर देण्यासाठी आमच्या सिस्टिमवाल्या पोराला बोलावणं गेलं. पोरगा म्हणजे चांगला चाळिशीकडे झुकलेला, दोन लेकरांचा बाप आहे; पण संगणक सांभाळणाऱ्याला कचेरीत निवृत्तीपर्यंत पोरगाच म्हणतात. त्याने मान खाजवत सांगितलं,

'साहेब, तो बॅकअप आहे.'

'मग चालू कर ना.'

'चालू केला तर सगळं बंद पडेल.'

साहेबांनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की पगारवाढीचा विषय त्या वर्षी त्यानं स्वतःहूनच काढला नाही. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून नारिंगी दिव्याबद्दल आदर उत्पन्न झाला. अख्ख्या कचेरीत काहीही न करणं हेच ज्याचं नेमून दिलेलं काम आहे असा तो एकटाच. बाकीचे आम्ही ते हौसेखातर करतो.

आता हे गौडबंगाल काय ते सांगतो. आमची कचेरी तळमजला धरून तीन मजली, मजल्यागणिक एक स्विच. तळमजल्याची वायर पहिल्यावर, पहिल्याची दुसऱ्यावर, एवढ्यावर भागलं असतं. पण खोट्या छताच्या वर उंदरांची वसाहत आहे आणि त्यांना वायरीच्या वेष्टणाची चटक लागलेली आहे. एक वायर कुरतडली गेली की वरचा मजला जगापासून तुटायचा. म्हणून कुणा शहाण्यानं तळमजल्यावरून थेट दुसऱ्या मजल्यावर, मागच्या भिंतीनं, तिसरी वायर ओढून घेतली. त्रिकोण झाला. आता कुठलीही एक वायर तुटली तरी उलट्या बाजूनं वळसा घालून काम चालतं. वाट एकीपेक्षा दोन बऱ्या, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पण इंजिनिअर लागतो तो पुढचं सांगायला. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एकच लांबलचक जाड वायर होती आणि तिला जोडलेली यंत्रं होती. एका सरळ वायरीत गोल फिरायला जागा कुठली? त्यामुळे इथरनेटच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा पत्ता असतो, पण हे पाकीट आतापर्यंत किती हात फिरलं ते लिहायला रकानाच नाही. इंटरनेटच्या पाकिटावर तो आहे. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला आकडा एकानं कमी करतो आणि शून्य झालं की पाकीट टोपलीत टाकतो. इथरनेटच्या पाकिटाला मात्र अश्वत्थाम्याचा शाप. मरण नाही.

त्यातून काही पाकिटं सगळ्यांच्याच नावानं निघतात. एखादा संगणक सकाळी जागा होऊन विचारतो, 'अमुक नंबर कुणाचा?' स्विचचं काम एवढंच, की ज्या दारानं हा प्रश्न आला ते सोडून बाकी सगळ्या दारांनी तो पुढे ढकलायचा. तळमजल्यानं तो पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला दिला. पहिल्यानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं पहिल्याला. मग दोघांनीही आपापल्या बाजूनं तो तळमजल्याला परत केला. हा प्रश्न मघाशी आपणच वाटला होता, हे तळमजल्याच्या गावीही नसतं. तो पुन्हा वाटायला घेतो. एक प्रश्न दोन्ही दिशांनी घिरट्या घालत राहतो. जुने प्रश्न विझत नाहीत आणि नवे येतच राहतात. एक गिगाबिटच्या वायरीतून सर्वांत लहान आकाराची पाकिटं सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. ती वायर असल्या प्रश्नांनीच तुडुंब भरायला एक चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. मग प्रत्येक संगणक ऐकतो आहे, कामाचं कुणाला काही ऐकू येत नाही. पुस्तकात याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. आमचा पोरगा म्हणतो, 'लूप लागलाय.'

म्हणजे त्रिकोण हवा तर आहे, पण तो त्रिकोण असून चालणार नाही. ही अडचण १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत रेडिया पर्लमन यांच्या पुढ्यात आली. त्यांच्या साहेबांनी एका शुक्रवारी काम सांगितलं आणि स्वतः आठवडाभराच्या सुटीवर निघून गेले. मोबाइल नव्हते, सुटीत मेल वाचायची चाल पडलेली नव्हती. साहेब गेले म्हणजे गेले. पर्लमनबाईंना त्याच रात्री उत्तर सुचलं. सोमवारी-मंगळवारी त्यांनी ते नीट लिहून काढलं. उरलेला आठवडा काय करायचं? दाखवायला साहेब नाहीत आणि दुसऱ्या कामात लक्ष लागेना. तेव्हा त्यांनी जॉइस किल्मर यांच्या झाडावरच्या प्रसिद्ध कवितेच्या चालीवर आपल्या शोधाचीच एक कविता केली. १९८५ साली शोधनिबंध आला तेव्हा ती कविताही त्यात छापली गेली. पुढे त्यांच्या मुलानं तिला चाल लावली आणि मुलीनं ती गायली. आमच्याकडे साहेब आठवडाभर रजेवर गेले तर कविता सुरू व्हायला मंगळवार उजाडावा लागत नाही, एवढाच फरक.

उत्तर होतं झाडाचं. वायरी हव्या तितक्या टाका, हवे तितके त्रिकोण होऊ द्या, पण सगळ्या स्विचनी आपसांत बोलून त्यातल्या काही वाटा अशा मिटून घ्यायच्या की उरलेल्या वाटांचं झाड व्हावं. फांदीला फांदी फुटते, पण फुटलेली फांदी फिरून दुसऱ्या फांदीला मिळत नाही, त्यामुळे गोल फिरणं खुंटतं. (बाईंनी वडाचं झाड पाहिलेलं नसावं.) मिटलेली वाट तोडायची नाही. ती शाबूत ठेवायची, वायर जोडलेली ठेवायची, दिवा नारिंगी ठेवायचा. चालू वाट तुटली की ही उघडायची.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग अध्यक्षीय निवडणुकीचा. झाड म्हटलं की मूळ हवं, आणि कुणाला मूळ मानायचं हे स्विचच ठरवतात. वीज येताक्षणी प्रत्येक स्विच जाहीर करतो, 'मूळ मीच.' प्रत्येकाला एक नंबर असतो. त्याचा पुढचा भाग म्हणजे मानाचा आकडा. तो कारखान्यातून ३२७६८ असा भरून येतो आणि हवा तर बदलता येतो. मागचा भाग म्हणजे त्या यंत्राच्या अंगावर जन्मतःच कोरलेला पत्ता. ज्याचा नंबर सर्वांत लहान, तो मूळ. आपल्यापेक्षा लहान नंबर कानावर पडला की स्विच तिथल्या तिथे दावा सोडतो आणि शेजाऱ्यालाही कळवतो, 'मूळ मी नाही हो, ते पलीकडचे.' काही सेकंदांत निवडणूक बिनविरोध! ज्यानं आयुष्यात एकदा तरी सहकारी संस्थेची निवडणूक जवळून पाहिली आहे त्याचे हे वाचताना डोळे भरून येतील. पॅनेल नाही, मतदारांची सहल नाही, आदल्या रात्रीचं जेवण नाही, हरलेल्यानं उपनिबंधकांकडे अर्ज करणं नाही.

पण सहकाराचं एक लक्षण मात्र इथंही उतरलं आहे. मानाचा आकडा बदलायचा असतो हे बहुतेक ठिकाणी कुणाच्या गावीच नसतं. त्यामुळे सगळ्यांचे ३२७६८ सारखेच राहतात आणि निकाल जन्मनंबरावर लागतो. एकाच कंपनीची यंत्रं असली तर जुन्याचा नंबर बहुधा लहान. थोडक्यात, सर्वांत वयोवृद्ध, सर्वांत मंद आणि पंख्याचा घरघराट करणारा जो स्विच असेल तोच एकमतानं अध्यक्ष होतो, आणि नव्या दमाच्या महागड्या स्विचांनी आपापली झाडं त्याच्या तोंडाकडे वळवून बसायचं. आमच्याकडे हा मान दुसऱ्या मजल्यावर, डबे खायच्या खोलीत, फ्रिजच्या मागे ठेवलेल्या स्विचकडे आहे. तळमजल्यावरच्या नव्या कोऱ्या यंत्राची किंमत ऐकून साहेबांना घाम फुटला होता. आज ते त्या फ्रिजमागच्या आजोबांच्या आज्ञेत आहे. एकदा अडगळीतून त्याहूनही पुरातन स्विच कुणीतरी तात्पुरता म्हणून आणून जोडला. अध्यक्ष लगोलग बदलले, अख्ख्या कचेरीचं झाड नव्यानं रचलं गेलं, आणि त्या गडबडीत रोखपालबाईंची अर्धी पावती छापायची राहिली.

निवडून आल्यावर अध्यक्षांचं काम एकच. दर दोन सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप सोडायचा. बाकीचे तो पुढे पोचवतात. नारिंगी दारातून कामाचं एकही पाकीट आत-बाहेर होत नाही, पण हा निरोप मात्र त्याला ऐकू येत असतो. तोवर ते गप्प. निरोप बंद झाला तरी ते उतावीळ होत नाही. वीस सेकंद वाट पाहतं, मग पंधरा सेकंद नुसतं कानोसा घेतं, मग पंधरा सेकंद पलीकडे कोण कोण राहतं ते टिपून घेतं आणि मग कुठे उघडतं. पन्नास सेकंद. १९८५ सालच्या माणसाला पन्नास सेकंद म्हणजे चष्मा पुसण्याचा वेळ. पुढे २००१ साली याची चपळ आवृत्ती आली, तीत हेच काम बहुधा डोळ्यांचं पातं लवेपर्यंत उरकतं. मूळ योजना तर तात्पुरती सोय म्हणूनच होती, असं पर्लमनबाई आजही सांगतात. तात्पुरत्या सोयीचं पुढे काय होतं, हे जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या कुठल्याही शाळेला विचारावं.

रिकामी वायर बघवत नाही हे दुखणं आमच्या लेखापरीक्षकांचंच आहे असं नाही. आज आपण ज्याला स्विच म्हणतो त्यातला पहिला, सात दारांचा, १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीनं बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, आणि कल्पना हे त्यांच्या पत्नीचं नाव. (पत्नीच्या नावे धंदा करण्याची प्रथा आपल्याकडेही आहे, पण तिचं कारण प्राप्तिकर हे असतं.) १९९४ साली ही कंपनी सिस्कोनं विकत घेतली. दोन यंत्रांमधल्या दोन-चार वायरींची एकच मोट बांधायची, म्हणजे कुणी नारिंगी बसायला नको आणि एक तुटली तरी बाकीच्या ओढतील, ही युक्ती याच कंपनीची. युक्ती नामी आहे. पण ती त्याच दोन यंत्रांमध्ये चालते, आमच्या त्रिकोणाला तिचा उपयोग नाही.

तर आमच्या कचेरीत गाडं कुठे अडलं, ते तीस सेकंदांवर. टेबलावरचा संगणक चालू केला की स्विचच्या त्याच्या दाराला वाटतं, नवा कुणीतरी आला, न जाणो दुसरा स्विचच असेल. म्हणून ते पंधरा अधिक पंधरा सेकंद परीक्षा घेतं. तोवर संगणकावर 'नेटवर्क नाही' अशी पाटी. साहेबांनी सकाळी ती पाटी पाहिली. साहेब कचेरीत अकराला येतात, त्यामुळे तीस सेकंदांचा उशीर त्यांना खपत नाही. 'ताबडतोब बंद करा हे नाटक,' असा आदेश निघाला. यावर एक सरळ उपाय आहे. टेबलाकडे जाणाऱ्या दाराला सांगून ठेवायचं, की तू लगेच उघड, पण पलीकडून स्विचचा निरोप ऐकू आला की तत्काळ मिटून घे. दोनच ओळींची आज्ञा. पण त्या वेळी कंत्राटावर असलेल्या कुणीतरी साहेबांच्या शब्दाला अक्षरशः मान दिला आणि टेबलांकडच्या सगळ्या दारांवर निरोप धाडणं आणि ऐकणंच बंद करून टाकलं. दारं झटक्यात उघडू लागली. साहेब खूश. कंत्राटदाराचं बिल निघालं.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं ते खंडेनवमीपर्यंत.

दसऱ्याला सुटी असते म्हणून कचेरीतली शस्त्रपूजा आम्ही आदल्या दिवशी उरकतो. आमची शस्त्रं म्हणजे स्टेपलर, शिक्के, फ्रँकिंग मशीन आणि जिन्याखालचं कपाट. शिपाईमामांनी सकाळीच झाडून-पुसून घेतलं. मामा हे काम मनापासून करतात. पंख्याच्या पात्यांच्या पाठीही पुसतात. कपाटाला हळदीकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, तिची एक पाकळी स्विचच्या पंख्यात जाऊन काही वेळ टरटर वाजली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मग मामा झाडू घेऊन पहिल्या मजल्यावर सभागृहात गेले. तिथे भिंतीत दोन भोकांची एक डबी आहे. एका भोकात निळी वायर खोचलेली, तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळत पडलेलं. महिनाभरापूर्वी कुणा पाहुण्याच्या लॅपटॉपसाठी ती लावली होती, ती तशीच. मामांनी टोक उचललं, फडक्यानं पुसलं. शेजारचं भोक रिकामं होतं. टोकाचा आकार भोकाला बरोबर बसत होता. टक्.

ज्यानं घर नीटनेटकं ठेवलं आहे अशा कुठल्याही माणसानं हेच केलं असतं. दोन्ही भोकं एकाच स्विचला जातात हे भिंतीवर लिहिलेलं नाही. एरवी स्विचनं आपलाच निरोप आपल्याच दुसऱ्या दारातून ऐकला असता आणि ओळखलं असतं, की अरे, हे तर आपणच; आणि एक दार मिटून घेतलं असतं. पण निरोप ऐकणं साहेबांच्या आदेशानं बंद होतं.

पहिल्यांदा छापखाना थांबला, म्हणजे प्रिंटर. मग रोखपालबाईंचा पडदा गोठला. मग फोन, कारण आमचे फोनही हल्ली त्याच वायरींतून बोलतात. स्विचांची डोकी त्या प्रश्नांच्या पुरात इतकी भणभणली, की दर दोन सेकंदांचा 'मी आहे' हा निरोपही वेळेवर जाईना. वीस सेकंद गेले. नारिंगी दार आयुष्यभर या क्षणासाठीच बसलेलं होतं. त्याला वाटलं, गेले अध्यक्ष! नियमानुसार कानोसा घेऊन, नोंदी करून, ते मोठ्या जबाबदारीनं उघडलं आणि उरलासुरला त्रिकोण पूर्ण झाला. लूपमध्ये आणखी एक लूप. मी तेव्हा कूलरपाशी होतो. कपाटातले सगळेच्या सगळे दिवे हिरवे झाले होते आणि इतक्या वेगानं लुकलुकत होते, की न लुकलुकता पेटल्यासारखे वाटत होते. हेडक्लार्क बाजूला येऊन उभे राहिले, त्यांनी उजवा कोपरा निरखून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, 'चला, पूजा पावली. झाला एकदाचा दुरुस्त.'

पोरगा धावत आला. लूप शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे वायरी एकेक करून उपटायच्या आणि वर ओरडून विचारायचं, 'आलं का?' वरून उत्तर येतं, 'काय आलं का?' हा संवाद दुपारपर्यंत चालला. दरम्यान कचेरीत एक वेगळंच चैतन्य संचारलं. जुनं पावतीपुस्तक निघालं, पण कार्बन कुणाकडेच नव्हता. तो स्टेशनरीच्या दुकानात मागितला तेव्हा दुकानदारानं आपल्या वडिलांना आतून हाक मारली. निवृत्तीला आलेल्या एका लिपिकांना सगळे खाते क्रमांक पाठ निघाले, आणि त्यांच्याशी त्या दिवशी जितकी माणसं बोलली तितकी गेल्या दहा वर्षांत बोलली नसतील. अखेर सभागृहातली निळी वायर सापडली. पोरानं ती उपटली आणि क्षणात सगळं शांत झालं. नारिंगी दिवा पुन्हा नारिंगी झाला. हेडक्लार्कांचा चेहरा पडला.

पोरानं तेव्हा चहा पिता पिता मला अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या इस्पितळात नोव्हेंबर २००२ मध्ये हेच दुखणं फार मोठ्या प्रमाणावर उद्भवलं होतं. १९९६ साली दोन इस्पितळं एकत्र होऊन ते झालं, आणि त्यांचं जाळंही तसंच, ठिगळाला ठिगळ जोडत वाढलेलं. पर्लमनबाईंच्या योजनेचे ठरलेले सेकंद या टोकापासून त्या टोकापर्यंत सात स्विच असतील असं धरून बेतलेले आहेत. इथे ती मर्यादा कधीच ओलांडली गेली होती, फक्त कुणी मोजलं नव्हतं. एक दिवस वाहतूक वाढली आणि झाड कोसळलं. जवळपास चार दिवस ते इस्पितळ कागदावर चाललं. हाती औषधं लिहून देण्याची वेळ ज्यांच्यावर कधी आलीच नव्हती अशा तरुण डॉक्टरांना जुन्या मंडळींनी फॉर्म भरायला शिकवले. तिथले तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का हे स्वतःही डॉक्टर. त्यांनी काही लपवाछपवी केली नाही, इतरांना शहाणपण यावं म्हणून सगळं जाहीर सांगितलं. हे ऐकून आमच्या साहेबांनी विचारलं, 'मग त्यांच्यावर चौकशी बसली असेल?'

आमच्याकडे अर्थात चौकशी बसली. मामांना विचारण्यात आलं, की वायर का लावलीत. मामा म्हणाले, 'भोक रिकामं होतं साहेब.' याच्याइतकं सच्चं उत्तर त्या अहवालात दुसरं नाही. कंत्राटदाराचं नाव अहवालात आलं नाही आणि तीस सेकंदांचं तर नाहीच नाही. पोरानं टेबलांकडच्या दारांवर ती दोन ओळींची आज्ञा घातली, झालं.

पण एकदा उत्साह आला की तो लगेच थांबत नाही. 'कचेरीचं संपूर्ण जाळं अखंडित चाललं पाहिजे,' असा ठराव झाला आणि जे जे एक आहे ते ते दोन करायचं ठरलं. मुख्य स्विच दोन वीजपुरवठ्यांचा घेतला, एक गेला तर दुसरा. मी तो मागून पाहिला. दोन काळ्या वायरी ऐटीत बाहेर निघतात, खाली येतात आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डात शेजारी शेजारी बसतात. तो बोर्ड एका यूपीएसला, आणि त्या यूपीएसची बॅटरी फुगून तिचं झाकण आता बसत नाही म्हणून वर एक डिक्शनरी ठेवली आहे. इंटरनेटही दोन कंपन्यांचं. दोघांची केबल रस्त्यापलीकडच्या एकाच खांबावरून येते, एकाच गुलमोहोराच्या फांदीवर टेकते आणि भिंतीतल्या एकाच भोकातून आत शिरते.

अर्थात मोठ्यांचंही असंच असतं. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या समुद्राखालच्या दोन केबली एकाच दिवशी तुटल्या. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या इंटरनेटची बरीचशी मदार या दोघींवर, एक गेली तर दुसरी आहे असा हिशेब. दोघी एकाच किनाऱ्याला लागून होत्या. दोन दिवसांत तिकडे दुबईच्या बाजूला फाल्कन नावाची तिसरी तुटली, आणि तिच्यापाशी समुद्रात पाच-सहा टनांचा एक बेवारस नांगर सापडला. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. कुणीतरी कुणाला तरी 'आपल्याकडे रिडंडन्सी आहे ना?' असं नक्की विचारलं असणार.

आता आमच्याकडे दुसरा मुख्य स्विच घ्यायचा आहे, फ्रिजमागच्या आजोबांना सन्मानानं निवृत्त करण्यासाठी. पन्नास हजारांवरची खरेदी असल्यामुळे नियमानुसार तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची कोटेशनं लागतात. एकावर अवलंबून राहू नये, हाच त्यामागचा विचार. तिन्ही आली. तीन लेटरहेडं, तीन रंग, एकावर गणपती, एकावर बालाजी, एकावर साईबाबा. दूरध्वनी क्रमांक तिघांचाही एकच आहे, आणि 'वॉरंटी' हा शब्द तिघांनीही तिसऱ्या ओळीत 'वारंटी' असाच लिहिला आहे. हेडक्लार्कांनी फाइलवर टिपणी लिहिली : 'स्पर्धात्मक दर प्राप्त. मंजुरीस हरकत नाही.'